फिनिक्सचा पहिला महापौर पाटाकाठी शोधा : सॉल्ट नदीच्या खोऱ्यातल्या मराठी शाळांना आणि मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अॅरिझोनातल्या फिनिक्स, टेंपी, मेसा, चँडलर, ग्लेनडेल आणि आसपासच्या गावांतल्या मराठी मंडळांचे पदाधिकारी व शनिवार-रविवारच्या मराठी शाळांचे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मुलांना राहत्या शहराची ओळख करून देताना बहुतेक ठिकाणी राखेतून उठणाऱ्या पक्ष्याची गोष्ट सांगितली जाते. मग इथे पाट काढणाऱ्या जॅक स्विलिंगचं नाव येतं, मग थेट धरण आणि विमानतळ. पहिला महापौर जॉन टेबर ऑलसॅप एका ओळीत आटोपतो : ‘१८८१ साली निवडून आला.’ पाणी, पाट आणि जमिनीची कागदपत्रं हाच आमच्या रोजच्या कामाचा आणि अभ्यासाचा विषय. म्हणून आमची विनंती आहे की ही एक ओळ पुसावी आणि त्या जागी एक पूर्ण तास द्यावा. महापौरपद हा या माणसाच्या कामाचा सर्वांत छोटा भाग होता. त्याआधीच्या अकरा वर्षांत त्यानं जे केलं त्याशिवाय शहरच झालं नसतं, आणि ते काम मुलांना हातानं करून दाखवता येतं.

आधी माणूस समजून घेऊ. ऑलसॅप मूळचा केंटकीचा. शिक्षणानं डॉक्टर. सोन्याच्या ओढीनं कॅलिफोर्नियात गेला आणि १८६३ मध्ये अॅरिझोनात, प्रेस्कॉटच्या परिसरात आला. त्याच वर्षी अॅरिझोना हा स्वतंत्र प्रदेश झाला होता. राज्य नव्हे, प्रदेश; राज्याचा दर्जा मिळायला १९१२ उजाडलं. या प्रदेशाचा पहिला खजिनदार ऑलसॅप. पुढे वकिली, शेती, न्यायाधीशपद, १८७५ मध्ये प्रदेशाच्या प्रतिनिधीगृहाचं सभापतिपद आणि १८८१ मध्ये महापौरपद. पहिली पत्नी ऑसबर्न कुटुंबातली. ती लग्नानंतर लवकरच वारली, पण त्या कुटुंबाशी त्याचं नातं टिकलं आणि गाव वसवण्याच्या कामातही ही मंडळी बरोबर होती. आजचा ऑसबर्न रोड त्याच घराण्याच्या नावाचा. सप्टेंबर १८८६ मध्ये ऑलसॅप गेला. फिनिक्सला आगगाडी आली ४ जुलै १८८७ ला, राजधानी आली १८८९ मध्ये. यातलं काहीच त्यानं पाहिलं नाही.

आता पाणी. ऑलसॅप या खोऱ्यात राहायला आला तेव्हा पाट नुकता वाहू लागला होता. स्विलिंगनं १८६७ मध्ये विकेनबर्ग इथे कंपनी काढली, त्याच वर्षी खोदाई सुरू झाली आणि मार्च १८६८ मध्ये पाटाला पाणी आलं. पिकं गहू, बार्ली, मका यांची. गिऱ्हाईक ठरलेलं होतं : व्हर्डी नदीवरची कॅम्प मॅकडॉवेल ही लष्करी छावणी आणि विकेनबर्गच्या खाणी. माणसांना धान्य हवं होतं, घोड्या-खेचरांना दाणा आणि चारा.

पण ही जमीन ओसाड पडलेली होती असं मुलांना कृपा करून सांगू नका. होहोकाम लोकांनी, ज्यांना त्यांचे वंशज हुहुगम म्हणतात, याच नदीतून शेकडो मैलांचे कालवे काढले होते. हातानं, लाकडी आणि दगडी अवजारांनी. इसवी सन १४५० च्या सुमारास ते वापरातून गेले. १८६७ नंतरच्या लोकांना नवे पाट आखताना त्या जुन्या कालव्यांच्या खुणा जमिनीवर दिसत होत्या आणि अनेक ठिकाणी नवा पाट जुन्याच आखणीवरून गेला. फिनिक्स हे नाव सुचवण्याचं श्रेय सुरुवातीच्या रहिवाशांपैकी डॅरेल डुप्पाला दिलं जातं. जुन्या वस्तीच्या अवशेषांवर नवं गाव उभं राहणार, हा त्यामागचा विचार. म्हणजे ‘राख’ म्हणतात ती दुसऱ्यांनी आखलेली पाटबंधाऱ्याची व्यवस्था होती. त्या लोकांचे वंशज आकिमेल ओ’ओधाम आणि त्यांचे शेजारी पीपाश तेव्हाही हिला नदीकाठी शेती करत होते. १८६० च्या दशकात सैन्याला आणि वाटसरूंना गहू विकत होते. पुढे हिला नदीचं पाणी वरच्या अंगाला वळवलं गेलं तसं त्यांचं शिवार सुकलं, आणि एकेकाळी गहू विकणाऱ्या समाजावर उपासमारीची पाळी आली. त्यांच्या पाण्याच्या हक्कांचा मोठा करार अमेरिकेच्या संसदेत २००४ मध्ये मंजूर झाला. ऑलसॅपची गोष्ट सांगताना हे सोडलं तर ती अर्धीच होते.

पाट कसा चालतो हे कळल्याशिवाय गावाची जागा तिथेच का निवडली हे कळत नाही. म्हणून इथे थोडं थांबतो.

नदी उताराला वाहते. पाटही उताराला वाहतो, पण नदीपेक्षा कमी उतारावर. सगळी युक्ती एवढ्यात आहे. समजा नदी मैलाला १० फूट उतरते आणि पाट मैलाला ४ फूट. तोंडाशी दोघांची पातळी सारखी. पाच मैल गेल्यावर नदी ५० फूट उतरली, पाट २० फूटच. म्हणजे पाट नदीपेक्षा ३० फूट वर चालला आहे, आणि पाट व नदी यांच्यामधली सगळी जमीन भिजवता येते. आपल्याकडे याला लाभक्षेत्र म्हणतात. पाटाच्या वरच्या अंगाची जमीन कितीही चांगली असली तरी पंपाशिवाय तिला थेंब मिळत नाही, आणि १८७० मध्ये इथे पंप नव्हते.

उतार फार ठेवला तर पाणी पाटाचा तळ खरवडतं, काठ ढासळतात, पाट खोल जातो आणि चाऱ्यांची तोंडं उंचावर कोरडी राहतात. उतार फार कमी ठेवला तर गाळ बसतो. सॉल्ट नदीला पुराच्या दिवसांत भरपूर गाळ असतो, त्यामुळे दरवर्षी पाट कोरडा करून फावड्यांनी तो उपसावा लागे. शिवाय या भागात जमिनीखाली चुन्याचा कठीण थर लागतो, त्याला कॅलिची म्हणतात. कुदळ त्यावर नुसती उडते. खोदाईत तो लागला की आखणी वाकवायची किंवा तो फोडत बसायचं.

पाटाच्या तोंडाशी बंधारा लागे. तो झाडाच्या फांद्या, ओंडके, दगड आणि माती यांचा. काम पाणी अडवण्याचं नाही, पातळी हात-दोन हात उचलून पाटाच्या तोंडात ढकलण्याचं. पूर आला की असा बंधारा वाहून जाई. त्यात बांधणाऱ्यांची चूक नव्हती. त्या काळच्या साधनांनी पूर पेलणारा बंधारा बांधणं शक्यच नव्हतं, आणि अर्धवट पक्का बंधारा पुराला अडवून पाणी बाजूच्या काठावर फेकतो, मग पाटाचं तोंडच फुटतं. खरी अडचण पुरानंतर येई. पुन्हा बांधायला जितके दिवस लागतील तितके दिवस पाट कोरडा, आणि इथला उन्हाळा चाळीस अंशांच्या वरचा. पाऊस वर्षाला जेमतेम १८०-२०० मिलिमीटर. पुरानंतरचे तेच दहा-बारा दिवस पीक घालवू शकत. म्हणून पाट ही एकट्या माणसाची मालमत्ता राहू शकत नव्हती. माणसं गोळा करायची, कामाचे वाटे ठरवायचे, चुकारांना जाब विचारायचा, आणि यासाठी कुणीतरी नेमलेला हवा.

तो नेमलेला माणूस म्हणजे ‘सानहेरो’. पाटाला स्पॅनिशमध्ये ‘सांहा’, त्यावरून हा शब्द. आपला पाटकरी. मेक्सिकोतल्या सोनोरा भागातून आलेली माणसं या खोऱ्यात सुरुवातीपासून मोठ्या संख्येनं होती, आणि पाट चालवण्याची रीत, शब्द, पाळीचे नियम यांतलं बरंच काही त्यांचं होतं. अॅरिझोनाच्या १८६४ च्या पहिल्या कायदेसंग्रहातही पाटांची ही मेक्सिकन रीत घेतलेली आहे. सानहेरोचं पद आजही या खोऱ्यात आहे, त्याच नावानं.

आता ऑलसॅपकडे येऊ. २० ऑक्टोबर १८७० ला खोऱ्यातले शेतकरी गावाची जागा ठरवायला जमले. जागा पाहायला डुप्पा, जॉन मूर आणि मार्टिन ग्रिफिन यांची समिती झाली. ‘सॉल्ट रिव्हर व्हॅली टाऊन असोसिएशन’ नावाची संस्था निघाली आणि तिचे तीन आयुक्त निवडले गेले. त्यांतला एक ऑलसॅप. विल्यम हॅनकॉकनं मोजणी केली. जागा एक मैल लांब, अर्धा मैल रुंद, म्हणजे ३२० एकर, आणि त्यात रस्त्यांनी वेढलेले ९८ चौकोनी तुकडे (ब्लॉक). मुख्य रस्ता वॉशिंग्टन स्ट्रीट, १०० फूट रुंद.

ही हद्द आज चालून पाहता येते. उत्तरेला व्हॅन ब्युरेन स्ट्रीट, दक्षिणेला हॅरिसन, पूर्वेला सेव्हन्थ स्ट्रीट, पश्चिमेला सेव्हन्थ अॅव्हेन्यू. आता वरचं पाटाचं गणित आठवा. गावाचा पाट, ज्याला ‘टाऊन डिच’ म्हणत, तो व्हॅन ब्युरेनच्या कडेनं चाले. नदी दक्षिणेला. जमिनीचा कल नदीकडे. म्हणजे पाट गावाच्या उशाला आणि गाव पाटाच्या लाभक्षेत्रात. व्हॅन ब्युरेनवरून सोडलेलं पाणी रस्त्याकडेच्या चाऱ्यांतून आपसूक दक्षिणेला उतरत जाई. चाऱ्यांच्या काठी कॉटनवूडची झाडं लावली, त्यांची सावली रस्त्यावर पडू लागली. पण त्याच उघड्या चारीत गुरं तोंड घालत, कचरा पडे, झाडांच्या मुळांनी काठ फुटत आणि रस्त्यात चिखल होई. रस्त्यावरची चारी कुणी साफ करायची हा प्रश्न कोणत्याही गावाच्या पहिल्या नगरपालिकेपुढे येतो. इथे पालिका नव्हतीच, फक्त असोसिएशन होती.

२३ आणि २४ डिसेंबर १८७० ला भूखंडांची पहिली विक्री झाली. ६१ भूखंड गेले, सरासरी ४८ डॉलरला एक. पण या जमिनीची मालकी असोसिएशनकडे नव्हती. जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची. घेणाऱ्यांनी पैसे मोजले ते ‘पुढे मालकी मिळेल’ या भरवशावर. हा भरवसा कागदावर खरा करणं हेच ऑलसॅपचं मोठं काम, आणि ते कसं झालं ते नीट पाहण्यासारखं आहे.

१८६७ च्या नगरवसाहत कायद्यानुसार, ज्या गावाला अजून पालिका नाही त्याच्या वतीनं काउंटीचा (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा) न्यायाधीश सरकारकडून जमीन घेऊ शकत असे. स्वतःसाठी नव्हे, तिथे राहणाऱ्यांचा विश्वस्त म्हणून. वस्ती १०० ते २०० असेल तर ३२० एकरांपर्यंत. फिनिक्सचा आकडा ३२० का, याचा अंदाज या तरतुदीवरून येतो. दर एकरी किमान सव्वा डॉलर, म्हणजे ३२० एकरांचे ४०० डॉलर. पण न्यायाधीश कुठला? तेव्हा हे खोरं यावापाय काउंटीत होतं आणि तिच्या कारभाराचं ठाणं डोंगरात वर, प्रेस्कॉटला. प्रत्येक नोंदीसाठी, प्रत्येक दाव्यासाठी तिकडे जायचं, तेही घोड्यावर. गावाचे कागद गावाच्या हातात यायचे तर आधी काउंटी वेगळी हवी.

ती झाली १४ फेब्रुवारी १८७१ ला. मॅरिकोपा काउंटी. ऑलसॅपला ‘मॅरिकोपा काउंटीचा जनक’ म्हणतात ते या कामामुळे. नव्या काउंटीचा प्रोबेट न्यायाधीशही तोच झाला. वारसा, मृत्युपत्रं, अज्ञान मुलांची मालमत्ता हे त्या न्यायालयाचं नेहमीचं काम, आणि नगरवसाहत कायद्यानं त्यात गावाचं विश्वस्तपदही येऊन पडलं. त्याच वर्षी काउंटीचं ठाणं कुठे असावं यावर मतदान झालं. चार मैल पूर्वेला पिठाच्या गिरणीभोवतीची वस्ती जुनी होती आणि तिलाही ठाणं हवं होतं. जिंकलं नवं आखलेलं गाव. ती गिरणीची वस्ती पुढे शहरात विरून गेली.

मग दावा, नोंदणी, तपासणी, वाट पाहणं. १० एप्रिल १८७४ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीचा मालकी-लेख निघाला. सगळा खर्च धरून ३२० एकरांना ५५० डॉलर पडले. विक्रीपासून मालकीपर्यंत सव्वातीन वर्षं गेली. एवढ्या काळात अशा गावांमध्ये काय होऊ शकतं? एखादा माणूस सरकारी कचेरीत जाऊन त्याच जमिनीवर शेतजमीन म्हणून दावा लावतो. किंवा भूखंड दोनदा विकला जातो. किंवा संस्थेचे पदाधिकारीच चांगले कोपरे आपल्या नावे करून घेतात. पश्चिमेकडच्या अनेक गावांत असे दावे वर्षानुवर्षं चालले. फिनिक्सचं गाडं त्यात रुतलं नाही, आणि आमच्या मते ऑलसॅपचं स्मारक व्हायचं असेल तर ते याबद्दल व्हावं.

मालकी नक्की झाली त्या वर्षी गावातले भूखंड ७ ते ११ डॉलरला मिळत होते. मुलं विचारतील, भाव उतरले कसे? पहिल्या दोन दिवसांत मोक्याचे कोपरे गेले होते आणि मागे उरलेल्या जमिनीला गिऱ्हाईक कमी, हे एक कारण असावं. शिवाय गाव लहानच होतं. रेल्वे नाही, खाण नाही, नुसती शेती. हे सांगायला हरकत नाही. वाळवंटातलं शहर पहिल्या दिवसापासून धावत सुटलं अशी समजूत त्यानं मोडते.

२५ फेब्रुवारी १८८१ ला फिनिक्सच्या सनदेवर गव्हर्नर फ्रेमाँट यांची सही झाली : एक महापौर, चार नगरसेवक. ३ मे १८८१ ला मतदान. ऑलसॅपला १२७, जेम्स मोनिहनला १०७. एकूण २३४ मतं. या आकड्याकडे मुलांचं लक्ष वेधा. गावाची वस्ती अडीच हजारांच्या आत धरली तरी मतं एवढीच, कारण मतदार म्हणजे फक्त प्रौढ पुरुष. अॅरिझोनात स्त्रियांना मत मिळालं १९१२ मध्ये, आणि मूळ रहिवाशांसाठी तर या राज्यातला अडसर १९४८ च्या न्यायनिवाड्यानं दूर झाला. ऑलसॅपची मुदत एका वर्षाची होती. त्याच्यानंतर फ्रान्सिस शॉ आला.

आपल्या पुस्तिकांमध्ये आणि भाषणांमध्ये चार गोष्टी वारंवार चुकतात, त्या इथेच दुरुस्त करतो. स्विलिंग फिनिक्सचा महापौर नव्हता. तो १८७८ मध्ये युमाच्या तुरुंगात वारला, शहराला सनद मिळण्याच्या तीन वर्षं आधी. १८६८ हे साल वस्तीच्या अधिकृत नोंदीचं आहे, ४ मे १८६८ ला यावापाय काउंटीनं इथे मतदान-विभाग केला तेव्हाचं. गावाच्या आखणीचं साल १८७० आणि पालिकेचं १८८१. तिन्ही खरी आहेत, पण एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. आजचे आकड्यांचे रस्ते मूळचे नाहीत. उत्तर-दक्षिण रस्त्यांना तेव्हा बहुतेक मूळ जमातींची आणि तशा धर्तीची नावं होती, आजचा फर्स्ट स्ट्रीट म्हणजे तेव्हाचा माँटेझुमा. आकडे १८९३ नंतरचे. आणि रूझवेल्ट धरण ऑलसॅपच्या पिढीचं नाही. ते १९११ मध्ये पूर्ण झालं, तो गेल्यावर पंचवीस वर्षांनी.

आता तासाची मांडणी. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हा प्रयोग चालतो.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, चार इंच खोल असा लाकडी ट्रे घ्या, आतून जाड प्लॅस्टिक अंथरा. खालच्या टोकाला एक भोक, त्याला फडकं, खाली बादली. चार भाग वाळू आणि एक भाग बारीक माती कालवून तीन इंच थर द्या. नुसती वाळू घेतली तर पाणी पाटात थांबतच नाही, सगळं मुरतं. हे मिश्रण ८०-९० किलोच्या घरात जातं, म्हणून ट्रे आधी मजबूत टेबलावर ठेवा आणि मग भरा. भरलेला ट्रे उचलायला जाल तर तो मधोमध मोडेल. वरचं टोक दोन इंच उचलून खाली पाचर द्यायची तीही भरण्याआधीच. सगळा थर आधी ओला करून घ्या.

उजव्या कडेनं दीड इंच खोल नदी कोरा. वरच्या टोकाच्या बादलीतून बारीक नळीनं पाणी सोडा, मिनिटाला तीन लिटरच्या आसपास. नदी स्थिर वाहू लागली की मुलांना सांगा, पाट काढा. बहुतेक मुलं पहिला पाट नदीला समांतर, तितक्याच उताराचा काढतात आणि मग शेतात पाणी चढत नाही म्हणून खट्टू होतात. थोडा वेळ खट्टू होऊ द्या. मग पट्टी द्या आणि चार फुटांत अर्धा इंचच उतरणारा पाट आखायला सांगा. शेवटाला पाट नदीपेक्षा दीड इंच वर येतो आणि मधल्या पट्ट्यात कुठेही दार फोडलं तरी पाणी धावतं. आकृती काढून तास गेला तरी जे कळत नाही, ते इथे दोन मिनिटांत कळतं.

तोंडाशी काड्या, खडे आणि मातीचा बंधारा. पाणी वाहू लागलं की एक लिटरचा मग एकदम नदीत ओता. बंधारा जाईल. घड्याळ लावा आणि पुन्हा बांधायला सांगा. एकजण बांधतो तेव्हा किती वेळ लागतो आणि चौघं ठरवून बांधतात तेव्हा किती, दोन्ही फळ्यावर लिहा.

त्यानंतर वाटणी. पट्ट्यात तीन वाफे करा आणि पाट्या लावा : १८६९, १८७०, १८७५. नळीची धार निम्मी करा. या प्रदेशाचा कायदा असा की ज्यानं आधी पाणी लावलं त्याचा हक्क आधी. त्यामुळे १८६९ चा वाफा पूर्ण भरल्याशिवाय दुसऱ्याचं दार उघडायचं नाही. १८७५ वाला कोरडा राहील. भांडण होईल, होऊ द्या. मग विचारा, १८६९ च्याही आधी, शेकडो वर्षं आधी, इथे पाणी लावणारे कोण होते आणि पाटी त्यांच्या नावाची का नाही?

मोठ्या मुलांना पाण्याचं मापही दाखवा. त्या काळी पाणी ‘मायनर्स इंच’मध्ये मोजत : पेटीच्या फळीला एक चौरस इंचाचं भोक, त्यातून जाईल तेवढं पाणी. गोम अशी की भोक तेच असलं तरी वर पाणी जास्त उंच साठलं तर धार जोरात येते, म्हणून भोकाबरोबर पाण्याची उंचीही ठरलेली हवी. ती प्रत्येक ठिकाणी निराळी, म्हणून तंटे. अॅरिझोनात पुढे ४० मायनर्स इंच म्हणजे एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) असं पक्कं झालं. या खोऱ्यातले पाण्याचे हक्क ठरवणाऱ्या १९१० च्या केंट निवाड्यात १६० एकरांना ४८ मायनर्स इंच अखंड धार धरली आहे. ४८ भागिले ४० म्हणजे १.२ क्युसेक, सेकंदाला सुमारे ३४ लिटर. वर्षभराचं पाणी १६० एकरांवर पसरलं तर जवळजवळ साडेपाच फूट उंचीचं होतं. हे उदाहरण मुलांकडून वहीत सोडवून घ्या. त्याच निवाड्यात जमिनींची क्रमवारी कसणुकीच्या वर्षांनुसार लावली आहे, १८६९ पासून पुढे. वाफ्यांवरच्या पाट्या तिथूनच घेतल्या आहेत. न्यायालयाला ही वर्षं ठरवता आली, कारण कुणी कधी काय पेरलं याचा माग लागत होता.

ऑलसॅपच्या काळात हा निवाडा नव्हता. पाट खासगी कंपन्यांचे होते. १८७८ मध्ये ग्रँड कॅनॉल आला, १८८३ ते १८८५ मध्ये अॅरिझोना कॅनॉल, आणि पाणी जमिनीचं की कंपनीचं हे संदिग्धच होतं. पाणी जमिनीला बांधलेलं आहे, असा न्यायाधीश किबी यांचा निवाडा १८९२ चा. त्याआधी फेब्रुवारी १८९१ मध्ये महापूर येऊन गेला होता, टेंपीचा रेल्वेपूल वाहून गेला होता, आणि त्यानंतर त्याच दशकात दुष्काळ. पूर आणि दुष्काळ दोन्ही भोगल्यावर मग १९०३ ची पाणीवापर संस्था आणि धरण आलं. ऑलसॅपनं जमिनीचा प्रश्न सोडवला, पाण्याचा त्याच्या हयातीत सुटला नाही. दोन्ही गोष्टी मुलांसमोर ठेवा.

सहलीबद्दल. उन्हाळ्यात ही सहल काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी योग्य. जुन्या गावाच्या हद्दीची प्रदक्षिणा तीन मैलांची आहे, लहान मुलं बरोबर असतील तर दीड-दोन तास धरा. सुरुवात व्हॅन ब्युरेन आणि सेव्हन्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून करा आणि मुलांना दक्षिणेकडे तोंड करून उभं करा. उतार डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पाण्याला दिसतो, हे तिथेच सांगा. मग वॉशिंग्टनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं मोजू द्या. हे झालं की ‘सेदाव वाआकी’ संग्रहालयात जा. पूर्वी त्याला पुएब्लो ग्रांदे म्हणत, नाव २०२३ मध्ये बदललं, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकांत तेच सापडेल. तिथे होहोकाम कालव्यांच्या खुणा पाहता येतात. क्रम उलटा केलात, संग्रहालय आधी आणि गाव नंतर, तरी चालेल. आम्हाला तो क्रम जास्त आवडतो.

हिवाळ्यात कालवे साधारण महिनाभर कोरडे करतात, गाळ आणि दुरुस्तीसाठी. एका बाजूचे आधी, दुसऱ्या बाजूचे नंतर. कोरडा कालवा पाहायला मिळाला तर सोडू नका. तळ, काठांचा उतार, चाऱ्यांची दारं, सगळं उघडं पडतं. एरवी पाण्यात पाणवनस्पती खाणारे मासे सोडलेले असतात, कालवा रिकामा करण्यापूर्वी ते उचलून दुसरीकडे नेतात. मुलांना हे भारी आवडतं. मात्र कालव्यात उतरू देऊ नका, काठावरूनच दाखवा.

आणि तुमच्या शाळेतल्या एखाद्या मुलाचं घर जुन्या वस्तीत असेल तर त्याच्या अंगणातच पाट असण्याचा संभव आहे. मध्य फिनिक्समधल्या अनेक घरांना आजही पाळीनं पाटाचं पाणी मिळतं, उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी, हिवाळ्यात त्याहून विरळ. अंगणाला चहूबाजूंनी टीचभर उंच मातीचा बांध असतो, कोपऱ्यात झडप. पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठून दार उघडावं लागतं, आणि वेळेवर बंद केलं नाही तर शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये पाणी. बांधाला उंदीर-घुशींची बिळं असतील तर पाणी तिथून निसटतं, म्हणून पाळीच्या आदल्या दिवशी बांधावरून पाय आपटत एक चक्कर मारायची. अशा घरी पाळी असेल तेव्हा चार-पाच मुलांना घेऊन जा. फावडं एकाच्या हातात द्या, घड्याळ दुसऱ्याच्या.

प्रयोगाचा ट्रे, मापाची पेटी आणि १८७० च्या गावाचा नकाशा मराठी नावांसह आम्ही तयार करून देऊ. शाळेनं फक्त वाळू, दोन बादल्या आणि अडीच तासांची वेळ काढावी. नकाशावर ‘टाऊन डिच’ निळ्या रेघेनं दाखवलेली आहे आणि होहोकाम कालवे तपकिरी. रंगीत प्रत काढणं जमत नसेल तर तपकिरी रेघा पेनानं गिरवून घ्या, काळ्या-पांढऱ्या प्रतीत त्या पुसट होतात.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सॉल्ट नदीच्या खोऱ्यात पाणी, मोजणी आणि नगररचनेचं काम करणारे काही मराठी रहिवासी